टेस्ट पॉझिटिव्ह, पण गर्भ कुठे? एक्टोपिक प्रेग्नन्सीचं निदान आणि उपचार, पायरी-पायरीने

लघवीच्या टेस्टवर दोन रेषा उमटल्या की घरात पहिला प्रश्न असतो, कितवा आठवडा? आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात त्याआधी दुसराच प्रश्न येतो: गर्भ आहे कुठे? ती पट्टी एवढंच सांगते की शरीरात एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होतंय. ते पिशवीतल्या गर्भातून येतंय की नळीत अडकलेल्या, हे तिला कळत नाही. रेष गडद आहे की फिकी, त्यावरूनही काही ठरत नाही.

शंभर गर्भधारणांमागे एक किंवा दोन वेळा गर्भ गर्भाशयाच्या बाहेर रुजतो. हीच एक्टोपिक प्रेग्नन्सी. आकडा छोटा वाटतो, पण पहिल्या तिमाहीत बाईचा जीव धोक्यात आणणाऱ्या कारणांमध्ये हिचा नंबर फार वर लागतो. वेळेत कळली तर मात्र बऱ्याचदा एखाद्या इंजेक्शनवर किंवा दुर्बिणीच्या छोट्या ऑपरेशनवर निभावतं. सगळा खेळ त्या ‘वेळेत’वर आहे.

नळीत काय होतं

बीजांड आणि शुक्रजंतूंची भेट गर्भनलिकेतच होते, म्हणजे आपण बोलताना जिला ‘ट्यूब’ म्हणतो तिच्यात. तिथून गर्भाला पिशवीपर्यंत पोचायला तीन-चार दिवस लागतात. ट्यूबच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते त्याला पुढे ढकलत नेतात. जुन्या संसर्गाने हे तंतू झडले असतील, आधीच्या ऑपरेशनमुळे ट्यूब चिकटली असेल, तर प्रवास रखडतो. रुजायची घटका मात्र कुणासाठी थांबत नाही. गर्भ जिथे असेल तिथेच मुळं धरतो.

साधारण ९५ टक्के एक्टोपिक ट्यूबमध्येच असतात. उरलेल्या अंडाशयात, गर्भाशयाच्या मुखाशी, जुन्या सिझेरियनच्या व्रणात, क्वचित पोटाच्या पोकळीत. ट्यूबमध्येही जागेनुसार फरक पडतो. पिशवीजवळचा भाग अरुंद, तिथे ट्यूब लवकर फुटते. अंडाशयाकडचा भाग जरा ऐसपैस, तिथे थोडा वेळ मिळतो.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण प्रत्येक जोडपं ती विचारतं. ट्यूबमधला गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही. तशी शस्त्रक्रिया नाही आणि औषधही नाही. ही गर्भधारणा पुढे नेणं शक्य नसतं. प्रश्न फक्त ती सुरक्षितपणे कशी संपवायची एवढाच उरतो.

संशय कधी घ्यायचा

पाळी चुकलेली, ओटीपोटात दुखणं आणि थोडं थोडं अंगावर जाणं ही पुस्तकातली तीन लक्षणं. प्रत्यक्षात तिन्ही एकदम क्वचितच समोर येतात. बहुतेक बायका शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान येतात. त्यांतल्या कित्येकींना आपण गरोदर आहोत हेच ठाऊक नसतं. ‘पाळी आली की, फक्त जरा कमी आली आणि रंग काळपट होता,’ असं त्या सांगतात. तो एक्टोपिकचा रक्तस्राव असू शकतो. म्हणून पुनरुत्पादनाच्या वयातली बाई पोटदुखी घेऊन आली की पाळीची तारीख कितीही पक्की सांगितली तरी आम्ही लघवीची टेस्ट करतोच. तिच्यावर अविश्वास म्हणून ती करत नाही.

धोका जास्त कुणाला? आधी एकदा एक्टोपिक झालेल्यांना (पुन्हा होण्याची शक्यता साधारण १० टक्के), ट्यूबचं ऑपरेशन झालेल्यांना, ओटीपोटात संसर्ग होऊन गेलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, वंध्यत्वाचे उपचार चालू असलेल्यांना. तांबी बसवलेली किंवा नसबंदी झालेली असेल तर मुळात गर्भ राहण्याचीच शक्यता फार कमी. पण राहिलाच, तर तो ट्यूबमध्ये असण्याची शक्यता बरीच जास्त. हे सगळं खरं असलं तरी यादी पाहून निर्धास्त होऊ नका. एक्टोपिक झालेल्या जवळपास निम्म्या बायकांमध्ये यांतलं एकही कारण सापडत नाही.

आता जी लक्षणं दिसली की सकाळची वाट न पाहता निघायचं ती. अचानक, एका बाजूला सुरीसारखी कळ. उभं राहताना चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम. शौचाला झाल्यासारखं सारखं वाटणं, पण होत काहीच नाही. आणि खांद्याच्या टोकाला दुखणं, विशेषतः आडवं पडल्यावर. पोट आणि खांद्याचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. ट्यूब फुटून पोटात साचलेलं रक्त श्वासपटलाला टोचतं. श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या त्वचेच्या नसा मानेत एकाच पातळीवरून निघतात, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात आहे असं वाटतं. मान अवघडली म्हणून मलम चोळत रात्र काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून आतल्या रक्ताचा अंदाज बांधू नका. बाहेर दोन डाग आणि पोटात दीड लिटर, असं होतं.

निघताना काही खाऊ-पिऊ नका, भूल द्यावी लागू शकते. स्वतः गाडी चालवू नका. जुने रिपोर्ट हाताशी असतील तर घ्या, शोधत बसू नका.

आणखी एक, फार महत्त्वाचं. गर्भ नको आहे म्हणून सोनोग्राफी न करता गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्या पिशवीवर काम करतात, ट्यूबमधल्या गर्भावर त्यांचा इलाज चालत नाही. गोळ्या घेतल्यावर रक्त जातं, बाईला वाटतं सुटले, आणि ट्यूबमधला गर्भ वाढतच राहतो. गोळ्यांनंतर रक्त फारच कमी गेलं किंवा दुखणं एका बाजूला टिकून राहिलं तर लगेच दाखवा.

दवाखान्यात पोचल्यावर

पहिलं काम निदानाचं नाही. बाई स्थिर आहे की नाही, हे आधी पाहायचं. नाडी, रक्तदाब, तळहाताचा रंग, पोट कडक आहे का. तरुण शरीर रक्तदाब शेवटपर्यंत सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडून देतं. त्यामुळे ‘बीपी नॉर्मल आहे’ या वाक्यावर आम्ही फार भरवसा ठेवत नाही. हिमोग्लोबिनचंही तसंच. रक्त नुकतंच वाहिलं असेल तर उरलेल्या रक्तातलं प्रमाण लगेच बदलत नाही, रिपोर्ट छान येतो.

प्रकृती ढासळत असेल तर दोन्ही हातांना जाड सुया, सलाईन, रक्तगट आणि क्रॉस मॅच (द्यायचं रक्त तिला जुळतं का याची तपासणी), खाटेपाशीच पोटाची झटपट सोनोग्राफी, आणि थेट ऑपरेशन थिएटर. अशा वेळी बीटा एचसीजीच्या, म्हणजे रक्तातलं एचसीजी मोजणाऱ्या टेस्टच्या, रिपोर्टसाठी कुणी थांबत नाही आणि थांबूही नये. नातेवाइकांनी तेव्हा दोनच गोष्टी कराव्यात: संमतीपत्रावर सही होईल असं पाहावं आणि रक्ताची सोय लागणार का ते विचारावं. बाकीचे प्रश्न नंतर.

सुदैवाने बहुतेक जणी इतक्या वाईट अवस्थेत येत नाहीत. त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या.

सोनोग्राफी

या कामाला योनीमार्गातून केलेली, म्हणजे ‘खालून’ केलेली सोनोग्राफी लागते. लघवी तुंबवायची गरज नाही, उलट मूत्राशय रिकामं असलेलं बरं. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण गर्भाला किंवा पिशवीला त्यातून इजा होत नाही. पोटावरून पाहताना जे धूसर दिसतं ते इथे काही सेंटिमीटरवरून दिसतं.

सगळं ठीक असेल तर शेवटच्या पाळीपासून पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिशवीत गर्भकोश दिसतो, पुढच्या काही दिवसांत त्यात छोटी गोल अंगठी, म्हणजे योक सॅक, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास ठोके. योक सॅक पिशवीत दिसली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. नुसती काळी पोकळी दिसली तर मात्र सावध राहायचं. एक्टोपिकमध्येही पिशवीत थोडं पाणी किंवा रक्त साचून खोटा कोश दिसू शकतो.

एक्टोपिक असेल तर अंडाशयाशेजारी वेगळी गाठ किंवा पांढऱ्या कडेचं कडं दिसतं, कधी त्यात ठोकेही. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत रक्त दिसू शकतं. अनुभवी डॉक्टर प्रोबने हलकेच दाबून पाहतात: गाठ अंडाशयासोबत सरकली तर ती बहुधा अंडाशयाचीच, वेगळी सरकली तर ट्यूबची.

तिसरी शक्यता सगळ्यांत छळणारी. टेस्ट पॉझिटिव्ह, आणि सोनोग्राफीत पिशवीतही काही नाही, बाहेरही नाही. ‘काहीच दिसलं नाही म्हणता, मग पुन्हा पुन्हा का बोलावता?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. रागही रास्त असतो. पण काही न दिसणं याचा अर्थ काही नाही, असा होत नाही. रिपोर्टमध्ये याला ‘प्रेग्नन्सी ऑफ अननोन लोकेशन’ म्हणतात, म्हणजे ठावठिकाणा न लागलेली गर्भधारणा. हे निदान म्हणायचं नाही, ही मधली अवस्था आहे. तिचं उत्तर तीनपैकी एक निघतं: गर्भ पिशवीतच आहे पण फार लहान आहे, गर्भ आपोआप संपतो आहे, किंवा तो बाहेर आहे.

अठ्ठेचाळीस तासांचं गणित

इथे रक्तातली बीटा एचसीजी कामाला येते. एकदा केलेली टेस्ट फारसं बोलत नाही. पूर्वी १,५०० ते २,००० च्या वर आकडा गेला आणि पिशवी रिकामी दिसली की एक्टोपिक धरत. त्यात जुळी किंवा नुकतीच रुजलेली चांगली गर्भधारणा चुकून संपवली जाण्याचा धोका असतो. म्हणून हल्ली ही रेषा ३,५०० पर्यंत वर सरकवण्याकडे कल आहे.

खरी माहिती दोन आकड्यांमधल्या फरकात असते. समजा सोमवारी सकाळी ६४० आली. बुधवारी त्याच वेळी, त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. (लॅब बदलली की यंत्र बदलतं आणि तुलना बिघडते, हे लक्षात ठेवा.) सुरुवातीचा आकडा १,५०० च्या खाली असेल तर निरोगी गर्भधारणेत तो ४८ तासांत निदान ४९ टक्के तरी वाढतो. म्हणजे ६४० चे ९५० च्या पुढे जायला हवेत. बुधवारी १,१०० आले तर गर्भ बहुधा जागेवर आहे, आठवड्याभरात सोनोग्राफीत दिसेल. २८० आले तर गर्भ संपत चालला आहे. आणि ७९० आले? वाढ आहे, पण रडतखडत. ना धड वाढ, ना धड घट. हा आकडा आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

तरीही हे गणित दिशा दाखवतं, शिक्का मारत नाही. काही एक्टोपिकमध्ये वाढ अगदी नॉर्मल दिसते. आकडा उतरत असतानाही ट्यूब फुटल्याची उदाहरणं आहेत. म्हणून त्या दोन दिवसांत दुखणं वाढलं तर ‘बुधवारी जायचंच आहे’ म्हणून थांबायचं नाही.

या दोन दिवसांत घरी एकटं राहू नका, दवाखान्यापासून लांबच्या प्रवासाला निघू नका, आणि रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर लिहून घ्या. दोन दिवस ताटकळत ठेवलं म्हणजे हयगय केली, असा समज होतो. पण इथे ते दोन दिवस हाच तपासणीचा भाग असतो. घाईने इंजेक्शन देऊन हवाहवासा गर्भ संपवण्यापेक्षा ही वाट पाहणं परवडतं.

उपचार: थांबणं, इंजेक्शन की ऑपरेशन

काही निवडक बायकांमध्ये काहीच करावं लागत नाही. दुखणं नाही, गाठ लहान, ठोके नाहीत, एचसीजी हजार-दीड हजारांच्या खाली आणि उतरतोय, आणि बाई नियमित तपासणीला येणारी. अशा वेळी शरीर स्वतःच निस्तरतं, आम्ही आकडा शून्याजवळ येईपर्यंत मोजत राहतो.

इंजेक्शन म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते फॉलिक अॅसिडची वाट अडवतं. भराभर विभागणाऱ्या पेशींना फॉलिक अॅसिड लागतं, ते मिळालं नाही की गर्भाच्या पेशींची वाढ थांबते. पण सगळ्यांना ते चालत नाही. ट्यूब फुटलेली नसावी, दुखणं फार नसावं, गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरच्या आत असावी, ठोके नसावेत, एचसीजी ५,००० च्या खाली असावी, जितकी कमी तितकं यश जास्त. यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींचे रिपोर्ट नीट हवेत. अंगावर पाजणाऱ्या आईला देत नाहीत. आणि पिशवीत गर्भ नाही याची खात्री तर हवीच.

डोस उंची-वजनावरून शरीराचं पृष्ठफळ काढून ठरतो, दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. पृष्ठफळ १.६ आलं तर ८० मिलिग्रॅम, कमरेत एकच इंजेक्शन. तो पहिला दिवस. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त.

चौथ्या दिवसाचा रिपोर्ट पाहून घरोघरी घबराट होते, कारण आकडा बहुधा वाढलेलाच येतो. पहिल्या दिवशी १,८००, चौथ्या दिवशी २,१००! औषध लागू पडलं नाही असं वाटतं. मरणाऱ्या पेशी आतला एचसीजी बाहेर सोडतात, म्हणून असं होतं. तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसात करायची. सातव्या दिवशी १,७०० आले तर घट १९ टक्के. १५ टक्क्यांहून जास्त घट म्हणजे औषध लागू पडलं. त्याहून कमी असेल तर दुसरा डोस किंवा ऑपरेशनचा विचार. पुढे दर आठवड्याला रक्त, आकडा नगण्य होईपर्यंत. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, कधी आठसुद्धा. चिकाटीचं काम आहे. ज्यांना दवाखान्यात वारंवार येणं जमणार नाही त्यांनी हे आधीच सांगावं, त्यात लाजायचं काही नाही.

तिसऱ्या ते सातव्या दिवसात पोटात दुखतं. बहुतेक वेळा ते गर्भ सुटत असल्याचं दुखणं असतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. पण हेच दिवस ट्यूब फुटण्याचेही असू शकतात, आणि घरबसल्या दोन्हींतला फरक कळत नाही. त्यामुळे दुखणं जोरात असेल किंवा चक्कर आली तर दाखवायचंच. फॉलिक अॅसिडची गोळी बंद ठेवायची, नाहीतर औषधाचा परिणाम आपणच पुसून टाकतो. रक्तवाढीच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांतही ते लपलेलं असतं, वेष्टन वाचा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत. दारू, कडक ऊन, जड व्यायाम आणि शरीरसंबंध टाळायचे. पुढची गर्भधारणा किमान तीन महिने लांबवायची.

इंजेक्शन बसणार नसेल, दुखणं जास्त असेल, ठोके दिसत असतील किंवा आकडा ५,००० च्या पुढे असेल तर ऑपरेशन. ते आता बहुतेक दुर्बिणीतूनच होतं. पूर्ण भूल, बेंबीजवळ एक आणि खाली दोन-तीन छोटी छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, साचलेलं रक्त ओढून घ्यायचं आणि ट्यूब काढायची. फार रक्तस्राव असेल तर पोट उघडून करतात, तेव्हा सौंदर्याचा विचार मागे पडतो. १८८३ साली बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी फुटलेल्या एक्टोपिकची ट्यूब काढून पेशंट वाचवली, तेव्हापासून मूळ तत्त्व तेच आहे: रक्त वाहतंय ते ठिकाण बंद करा.

‘ट्यूब काढू नका, फक्त गर्भ काढा’ असा आग्रह पुष्कळ जण धरतात. तो समजण्यासारखा आहे, पण आकडे वेगळं सांगतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दुसरी ट्यूब निरोगी असलेल्या बायकांचे दोन गट केले होते. तीन वर्षांत नैसर्गिकपणे गर्भ राहण्याचं प्रमाण ट्यूब वाचवलेल्यांत सुमारे ६१ टक्के, काढलेल्यांत ५६ टक्के. हा फरक ठोस म्हणता येईल एवढा नव्हता. उलट वाचवलेल्या ट्यूबमध्ये गर्भाच्या पेशी शिल्लक राहून पुन्हा उपचार लागण्याचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होतं, काढलेल्यांत एक टक्क्याहूनही कमी. म्हणून दुसरी ट्यूब चांगली असेल तर मी काढण्याच्या बाजूने असतो. ती आधीच खराब असेल किंवा काढलेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वाचवायचा प्रयत्न जरूर करावा.

सही करण्याआधी विचारा: दुसरी ट्यूब कशी दिसते ते पाहून लिहून ठेवाल का? काढलेला भाग तपासणीला पाठवणार का? रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन कधी? (आईच्या शरीरात गर्भाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून ते असतं, साधारण ७२ तासांच्या आत देतात.)

घरी गेल्यावर

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत घरी सोडतात. या वेळी खांदा दुखला तर तो उरलेल्या गॅसमुळे, दोन-तीन दिवसांत थांबतो. ताप, वाढतं पोटदुखणं, टाक्यांतून घाण येणं, भोवळ, यांपैकी काही झालं तर परत या. ट्यूब काढली असेल तर तीन आठवड्यांनी लघवीची टेस्ट निगेटिव्ह आली का ते पाहायचं. ट्यूब वाचवली असेल तर दर आठवड्याला बीटा एचसीजी. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, पहिली जरा जास्त जाऊ शकते.

पोटावरचे टाके लवकर भरतात. मन भरायला वेळ लागतो. आसपासचे लोक ‘जीव वाचला ना, बस’ म्हणतात, आणि बाईला समजत नाही की हायसं वाटावं की रडावं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. जमलं तर नवऱ्याशी बोला, त्याचंही काहीतरी गेलेलं असतं. झोप उडाली, कामात लक्ष लागेनासं झालं आणि आठवडे उलटले तरी तसंच राहिलं, तर समुपदेशकाकडे जा.

पुढच्या वेळचं विचाराल तर बहुतेकींना पुन्हा गर्भ राहतो आणि तो पिशवीतच राहतो. दीड वर्षात सुमारे ६५ टक्के बायकांना तशी गर्भधारणा होते. फक्त पाळी चुकली की त्याच आठवड्यात टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली की फोन करायचा आणि सहाव्या आठवड्यात खालून सोनोग्राफी करून घ्यायची. पिशवीत ठोके दिसले की जुन्या एक्टोपिकसाठी वेगळी औषधं लागत नाहीत की अंथरुणाला खिळून राहावं लागत नाही. तिथून पुढे तिची तपासणी इतर कुठल्याही गरोदर बाईसारखीच.